भल्लूकरावाची तालीम

ज्या काळी पशूंनाही गोल्फचा छंद होता, त्या काळी सागाच्या एका रानात भल्लूकराव नावाचे अस्वल राहत होते. एके वर्षी रानाच्या पंचांनी ठरवले की, ज्याचा चेंडू ओढ्यापलीकडे सर्वांत दूर जाईल, त्यालाच मोहोळाचा वर्षभराचा मध मिळेल. मध म्हणजे तर भल्लूकरावाचा जीव की प्राण. त्याने त्याच दिवशी तालीम आरंभली. पहाटे उठून तो शेकडो जोर काढी आणि मग आपले फुगलेले दंड ओढ्याच्या पाण्यात न्याहाळत बसे.

शेजारच्या झाडाखाली शेवंता वानरी मात्र रोज बैठका काढत असे.

"काय गं शेवंते, गुरुजींनी शिक्षा केली वाटतं?" तो हसून विचारी. "मांड्या कोण बघतंय? चेंडू हातानंच मारायचा ना!"

"तुमचं चालू द्या, दादा," एवढेच ती म्हणे.

स्पर्धेच्या दिवशी भल्लूकरावाने सारे बळ एकवटून काठी फिरवली. दंडांनी आपले काम चोख बजावले. परंतु त्या झोकाबरोबर पायच निसटले. तो स्वतःभोवती गिरकी घेऊन धपकन आपटला आणि चेंडू ओढ्यात बुडाला. मग शेवंतेने पाय रोवले, कंबर वळवली, आणि तिचा चेंडू ओढाच काय, पलीकडची करवंदाची जाळीही ओलांडून गेला.

भल्लूकराव कसाबसा उठला. त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. "अगं, तुझे दंड तर काटकीएवढे! एवढं बळ आणलंस कुठून?"

"पायांतून, दादा. हात ते नुसतं काठीपर्यंत पोचवतात."

त्याने चमकून खाली पाहिले. छाती इतकी पुढे आली होती की, त्याला स्वतःचे पाय दिसेनात.