मनातल्या मनात

एकदा एका गृहस्थाने दोन गुरू केले. पहिला वृद्ध होता. नदीकाठच्या घराच्या ओट्यावर बसून संध्याकाळी येईल त्याला तो चार शब्द सांगे आणि त्याबद्दल काही घेत नसे; त्यामुळे गृहस्थाचा त्याच्यावर विश्वास बेताचाच होता. दुसरा गुरू कानात राहत असे. धनसंचयावर त्याचा रोज एक पॉडकास्ट येई, आणि तो नीट ऐकता यावा म्हणून गृहस्थाने बाहेरचा आवाज आत न येऊ देणारे जाडजूड हेडफोन हप्त्यांवर घेतले होते. पैसा कसा राखावा हे शिकायलाही पैसा लागतोच.

गरज खरीच होती. कचेरीने त्याचा पगार निम्मा केला होता, घरभाडे थकले होते, आणि यातले अक्षरही त्याने बायकोला सांगितले नव्हते. सांगितले तर आपण तिच्या मनातून उतरू, ही भीती. म्हणून तो घरातही हेडफोन घालूनच वावरे. पॉडकास्टच्या शेवटी कानातला मधाळ आवाज म्हणे, "आता डोळे मिटा आणि आजची चिंता मला मनातल्या मनात सांगा." गृहस्थ जिथे असेल तिथे डोळे मिटून इमानेइतबारे सांगे.

मग विचित्र प्रकार सुरू झाले.

दुकानात गृहस्थाने हेडफोन एका कानावरून जरा सरकवले, तोच किराणावाला न विचारताच म्हणाला, "राहू द्या हो साहेब, सवडीनं द्या. निम्म्या पगारात ओढाताण होणारच." दूधवाल्याने आपण होऊन एक पिशवी कमी टाकली. शेजारची म्हातारी त्याच्या एका कानावरचा हेडफोन उचलून पुटपुटली, "सांगून टाक रे बाबा तिला," आणि दार लावून घेतले. घरमालक जिन्यात भेटला. भाडे मागायचे सोडून त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला आणि तो खाली उतरून गेला. घरमालकाने असे वागणे हा तर सरळ अपशकुन.

गृहस्थाची खात्री पटली. कानातला तो माणूस मनातले ऐकतो आणि गावभर सांगत फिरतो. एके संध्याकाळी हेडफोन चार्जिंग संपून बंद पडले, तरी ते काढायचा त्याला धीर होईना. काढले तर तो रागावेल, असे वाटू लागले. तसाच तो ओट्यापुढे येऊन उभा राहिला.

"गुरुजी, यात कुणीतरी आहे!"

वृद्धाने हात पुढे केला, हेडफोन घेतले, स्वतःच्या कानांवर चढवले आणि डोळे मिटले.

"बंद आहेत ते," गृहस्थ म्हणाला.

वृद्ध हलला नाही. नदीवरचा उजेड विझत होता. मग त्याच्या तोंडून शब्द येऊ लागले, तेही गृहस्थाच्याच लकबीत, त्याच्याच सुस्काऱ्यासह, आणि चांगल्या खड्या आवाजात: "पगार निम्मा झाला... भाडं थकलं... हिला कसं सांगू? सांगितलं तर मी संपलो..."

गृहस्थ एक पाऊल मागे सरला. "तुम्हालाही ऐकू येतो तो?"

वृद्धाने हेडफोन उतरवून बाजूला ठेवले. "यात काहीच ऐकू येत नाही. माझं मलासुद्धा आलं नाही. फार मोठ्यानं बोललो का रे?"

"मोठ्यानं? पलीकडच्या काठावर गेलं असेल!"

"मला वाटलं, मी मनात बोलतोय."

गृहस्थ मटकन ओट्यावर बसला.

"बाळा," वृद्ध म्हणाला, "रोज तू माझ्या फाटकाशी डोळे मिटून उभा राहतोस आणि हे सगळं मोठ्यानं म्हणतोस. दुकानात म्हणतोस, जिन्यात म्हणतोस. कान बुजवले की माणसाला स्वतःचं तोंडही मिटल्यासारखं वाटतं. तुझं गुपित कुणी चोरलेलं नाही. ते ऐकायचा राहिलास तो तू एकटा."

गृहस्थाने मान वर केली. "म्हणजे... हिनंही?"

"तिनं सगळ्यांच्या आधी. आणि माझा अंदाज विचारशील तर तिनं उत्तरही दिलं असेल. ते तुझ्या कानात जाणार कुठून?"

गृहस्थ उघड्या कानांनी घरी आला. दार नुसते लोटलेले होते. आत बायको पाठमोरी पोळ्या लाटत होती, आणि तसबिरीतल्या माणसाशी बोलावे तशी, उत्तराची वाट न पाहता एकटीच बोलत होती. "...शिवणाचं काम घेतलंय मी. भाड्याचं मालकांशी बोलले, थांबतो म्हणाले. अहो, तुम्ही फक्त एकदा माझ्याकडे बघून सांगा. एवढंच."

हा संवाद किती दिवस चालला असेल, या विचाराने तो उंबऱ्यातच गारठला.

"पगार निम्मा झालाय," तो म्हणाला.

लाटणे थांबले. ती वळली. तिने आधी त्याच्या कानांकडे पाहिले आणि मग चेहऱ्याकडे.