मंत्र्यांची भोवळ

डॉक्टर वत्सला घोडेस्वार आमदार झाल्या, तरी त्यांची औषधांची पेटी काही सुटली नाही. सभागृहातही ती बाकाखाली असायचीच. त्यांचा एक प्रश्न मात्र तीन अधिवेशनं रखडला होता: सरकारी दवाखान्यांना पुरवलेल्या इंजेक्शनांनी रुग्णांना गुण का येत नाही?

हा प्रश्न पुकारला की आरोग्यमंत्री रंगराव ढमाले यांना नेमकी भोवळ यायची आणि प्रश्न पुढे ढकलला जायचा. बाईंना संशय होताच. या खेपेला त्यांनी नीट पाहिलं. रंगरावांनी आधी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला आणि मगच मान टाकली. खरी भोवळ कधी इतका वेळ देते होय?

बाई पेटी घेऊन धावल्या. नाडी ठणठणीत होती. तरी चेहरा गंभीर करून त्या म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, इंजेक्शन आत्ताच द्यायला हवं." त्यांनी सुई काढली, बाटली उजेडात धरली. "साहेब, घाबरू नका. औषध आपल्याच खात्याचं आहे. माझ्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यातून कालच आणलंय."

रंगराव ताडकन उठून बसले. "ते नको! मला मारायचंय का? बाहेरून चांगलं औषध मागवा!"

बाईंनी बाटली शांतपणे पेटीत ठेवली.

"अध्यक्ष महाराज, मंत्र्यांना बरं वाटतंय. माझ्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर तेवढं नोंदवून घ्यावं."