शेवटचे कडवे

एकदा एका वृद्ध कवीकडे त्यांचा शिष्य आपली नवी कविता घेऊन आला. शिष्याचेही वय चाळिशीपुढचे. त्याची एकुलती एक मुलगी रेवती दूरच्या नगरीत वैद्यकशास्त्र शिकायला निघाली होती. तिच्या निरोपाची ती कविता त्याने जीव ओतून लिहिली होती. पण कविता ऐकल्यापासून रेवतीने बांधलेले सामान सोडून ठेवले होते. "बाबा, मी नाही जात," एवढेच ती म्हणाली होती.

"मी तर तिला 'जा' असंच लिहिलंय, गुरुजी. मग ती थांबली का?"

गुरुजींनी कविता दोनदा वाचली. पहिली सहा कडवी वाचताना त्यांचे डोळे पाणावले. मग त्यांनी बोरू उचलला आणि सातव्या, शेवटच्या कडव्यावर सरळ काट मारली. त्या कडव्यात मुलगी परत येत होती, आणि तिच्यासाठी झुरून खंगलेला बाप दारातच बसलेला होता.

शिष्य कळवळला. "गुरुजी, माझा सगळा जीव त्यातच आहे!"

"म्हणूनच खोडलं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "निरोपाची कविता लिहायला आपण बसतो, आणि लेकरू चार पावलं गेलं की घाबरून त्याला परत बोलावतो. सहा कडवी तू तिला वाट करून दिलीस आणि सातव्यात स्वतःच वाटेत बसलास. तिला तेवढंच ऐकू आलं. अरे, परत कधी यायचं, ते तिचं तिला ठरवू दे. ती दिसेनाशी होते तिथे बापाची कविता संपावी. पुढची ओळ सुचली तरी लिहू नये."

शिष्याने कागदाची घडी घातली आणि नमस्कार करून उठला.

घरी येऊन त्याने सहाच कडवी वाचली. रेवती पुढच्या ओळीसाठी थांबली.

"संपली?"

"संपली."

"म्हणजे... मी गेले तर तुम्हाला चालेल, बाबा?"

"चालेल म्हणजे काय? जा बाई, खुशाल जा!" तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजातला मोकळेपणा ऐकून चकित झाला. रेवतीला हसू आणि रडू एकदमच आले. ती तशीच सामान बांधायला धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी वळणाआड गेली. हाक त्याच्या ओठांपर्यंत आली होती. ती त्याने मारली नाही. दुःख होतेच. पण तो घरात वळला तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की कितीतरी दिवसांनी आपल्याला कडकडून भूक लागली आहे.