तळ्याचा राखणदार

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला एक मोठं तळं होतं. पूर्वजांनी मातीचा बांध घालून ते अडवलेलं. गावाची शेती त्या पाण्यावर पिके, आणि पावसाळ्यात गाव त्याच बांधाच्या भरवशावर झोपे. म्हणून बांधाला कायम एक राखणदार असायचा. तो नेमायचा अधिकार गावच्या कारभाऱ्याचा आणि त्याच्याबरोबरच्या चार पंचांचा.

कारभारी वीस वर्षं त्या जागेवर होता. माणूस वाईट नव्हता, पण थकला होता. सकाळी दार उघडलं की ओट्यावर कोणीतरी बसलेलंच असे. कुणाला पाणी हवं, कुणाला रस्ता, कुणाला मुलासाठी जागा. सुरुवातीला तो प्रत्येकाला नीट समजावून नाही म्हणे. मग समजावणं सुटलं, आणि पुढे पुढे नाही म्हणणंही सुटत गेलं.

त्या वर्षी म्हाताऱ्या राखणदाराला दिसेनासं झालं. नवा माणूस हवा होता. पंचांनी ठरवलं, ज्याला काम हवं त्यानं बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यावं आणि काय पाहिलं ते सांगावं.

दोघंच आले. एक कारभाऱ्याचा भाचा यशवंता, आणि दुसरी खालच्या वस्तीतली ठकूबाई. ठकूबाईचं आयुष्य मातीकामात गेलं होतं. नवऱ्याबरोबर तिनं गावोगावचे बांध घातले होते, आणि नवरा गेल्यावर एकटीनं दुरुस्त केले होते.

यशवंता थोड्याच वेळात परतला. म्हणाला, "सगळं ठीक आहे. पाणी भरपूर आहे."

ठकूबाई दुपार कलल्यावर आली. गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"पाणी सोडायच्या मोरीच्या डाव्या अंगाला खेकड्यांची बिळं आहेत," ती म्हणाली. "तिथून पाझर आहे. आता पाणी निवळ येतंय, तोवर फारशी भीती नाही. ज्या दिवशी ते गढूळ येईल, त्या दिवशी आतली माती वाहायला लागली असं समजायचं. त्याआधीच बिळं खणून, चिकणमाती ठासून बुजवायला हवीत."

कुणाची नेमणूक व्हायला हवी ते कारभाऱ्याला आणि चारही पंचांना कळलं होतं.

संध्याकाळी कारभाऱ्याची बहीण आली. ती रडली नाही, भांडली नाही. नुसती जोत्यावर बसून राहिली.

"दादा, तीस वर्षांचा झालाय तो," ती म्हणाली. "लोक विचारतात, मुलगा काय करतो. मी काय सांगू?"

"अगं, त्याला त्यातलं कळायला नको का?"

"फेरी तर मारायची. धान्यकोठीवर पंचाचा जावई बसलाय, त्याला कुठं मोजमाप येतं? शाळेत दुसऱ्याचा मेहुणा. मग माझ्याच पोराला कळायला हवं होय?"

त्या नेमणुकांवर कारभाऱ्याचाच अंगठा होता. शिवाय त्याला जेवायचं होतं, पाठ टेकायची होती. तो म्हणाला, "बरं, बघतो." बघतो म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी यशवंताचं नाव पुकारलं गेलं. चारही पंचांनी मान डोलावली. हरकत कोण घेणार? ज्याला त्याला आपापला माणूस सांभाळायचा होता.

यशवंता मात्र मामाला गाठून म्हणाला, "मामा, मला खरंच यातलं कळत नाही. मला बैलांचं काम द्या, ते मी करीन. हे नको."

"शिकशील हळूहळू," कारभारी म्हणाला. "आता आईचं मन मोडू नकोस."

जाताना ठकूबाईनं यशवंताला बिळांची जागा दाखवली, आणि ती घरी गेली.

उन्हाळ्यात ती बिळं बुजवायची राहिली. यशवंतानं दोनदा मामाला माणसं मागितली. मामा म्हणाला, पेरणी होऊ दे. मग पाऊस लागला. श्रावणात एका सकाळी ठकूबाई बांधाखालून सरपण घेऊन चालली होती, तर पायाखालच्या ओघळातलं पाणी गढूळ, तांबडं होतं. तिनं मोळी तिथंच टाकली.

यशवंता बांधावर होता. गेले तीन दिवस तो ते तांबडं पाणी बघत होता. पावसाचं पाणी असंच असतं, असं त्याला वाटलं होतं.

"वस्तीत चल," ठकूबाई म्हणाली. "आता बांधाचं काही होत नाही. माणसं काढू."

दोघं धावले. दारोदार जाऊन त्यांनी म्हातारी माणसं, लेकरं, बाळंतिणी टेकाडावर नेल्या. शेवटचं घर रिकामं होतं न होतं, तोच मोरीच्या डाव्या अंगाला बांध खचला. माणूस एकही गेला नाही. पण अकरा घरं गेली, दावणीची जनावरं गेली, आणि भाताच्या खाचरांवर कमरेएवढा गाळ बसला. ठकूबाईचं घर त्या अकरांतलंच होतं.

चार दिवसांनी देवळासमोर सगळा गाव जमला. लोकांनी यशवंताला मध्ये उभं केलं. जो तो तोंडाला येईल ते बोलत होता. सगळ्यांत मोठ्या आवाजात पंच बोलत होते. यशवंता मान खाली घालून ऐकत होता. मी नको म्हटलं होतं, एवढं एक वाक्य त्याला पुरलं असतं. त्यानं ते उच्चारलं नाही. एकदाच मामाकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

कारभाऱ्याला वाटलं, गप्प बसलो तर दिवस मावळेपर्यंत हे संपेल. लोक घरी जातील, पोराला काढून टाकता येईल, आणि आपल्याला आडवं होता येईल. तेवढ्यात त्याची नजर ठकूबाईवर गेली. ती लोकांच्या मागे, कुणाच्या तरी उसन्या लुगड्यात उभी होती.

तो गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठला.

"पोराला सोडा," तो म्हणाला. "त्यानं मला सांगितलं होतं की हे काम येत नाही. ठकूबाईला ते येतं हेही मला माहीत होतं. पंचांनाही माहीत होतं. तरी नेमला मी. दुरुस्तीला माणसं दिली नाहीत तीही मीच. आजपासून मी कारभारी नाही. माझं शेवटचं काम म्हणून राखणदारीवर ठकूबाईचं नाव सांगतो. आणि पंचांनो, तुम्ही तुमचे नेमलेले आठवून बघा."

एक पंच उठला आणि म्हणाला, माझा जावई उद्यापासून कोठीवर येणार नाही. बाकीचे तिघे जमिनीकडे बघत बसले, आणि सभा तशीच उठली.

त्या संध्याकाळी कारभारी बहिणीच्या घरी गेला. तिनं आतून कडी लावली होती. भाऊ चार माणसांत पोराला काम येत नाही असं म्हणाला, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. तो दारातूनच परत आला.

पाऊस उघडल्यावर ठकूबाईनं बांधाचं काम काढलं. पहिल्याच दिवशी म्हातारा कारभारी तिथं गेला.

"बाई, तुझं घर गेलं माझ्यापायी," तो म्हणाला. "मला काय बोलायचं ते बोल."

"बोलून घर उभं राहत असतं तर बोलले असते," ठकूबाई म्हणाली. "मातीची पाटी उचलता येईल का?"

"अर्धी भरलीस तर येईल."

तिनं अर्धी भरली. पलीकडे यशवंता बैलांना घेऊन मातीवर दगडी रूळ फिरवत होता. म्हाताऱ्यानं पाटी डोक्यावर घेतली आणि चढाला लागला. मध्ये दोनदा त्याला थांबावं लागलं, पण ती माती त्यानं खाली टाकली नाही.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: गावाचं काम आपल्या माणसाला दिलं, की त्या वेळी घर शांत राहतं, पण त्याची किंमत ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं अशा घरांना मोजावी लागते, आणि आपल्या माणसाचंही त्यात भलं होत नाही.