दारातली ठकूबाई आणि आंबट राख

एका गावात एक केरबाशेठ नावाचा हलवाई होता, आणि केरबाशेठच्या छातीत आणखी एक गाव होतं. बाहेरच्या गावाला दर सोमवारी सुट्टी. आतल्या गावाला केरबाशेठ जन्मल्यापासून सुट्टी नाही. त्या गावाला शहाणी माणसं हृदय म्हणतात.

तिथली घरं म्हणजे पेशी. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारकी, पण प्रत्येक घरात भट्टी आणि दारात राखणदार. दारासमोरून रक्ताचा ओढा वाहायचा. त्यातून साखर यायची, तूप यायचं, आणि ठिकठिकाणच्या भट्ट्यांतून निघालेला गाळसाळही यायचा. राखणदाराने ओढ्यात हात सोडून बसायचं. आपल्या मुठीत नेमकं बसेल तेवढंच धरायचं आणि आतल्या घंटीची दोरी ओढायची. कुणाच्या मुठीत एक जिन्नस बसे, कुणाच्या दुसरा. आत कुणाला सोडणं हे त्यांचं काम नाही. नुसती वर्दी द्यायची.

अशाच एका दारात ठकूबाई बसायची. तिच्या मुठीत एकच जिन्नस बसे, आंबट राख. भट्टी कोंदली, वारा पुरेनासा झाला, की ही राख बाहेर पडते. शिकलेले लोक तिला सक्सिनेट म्हणतात. म्हणोत बापडे. आपण आंबट राखच म्हणू, दात शाबूत राहतात.

आता केरबाशेठचं ऐका. त्याच्या घराण्यात रीत होती की जिलबीचा घाणा चाखल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. दुसरी रीत अशी, की चाखलेलं खाल्ल्यात धरायचं नाही. दिवसाला घाणे अठरा. शिवाय बालुशाही. शिवाय पाक नीट उतरला का ते बघायला एक चमचा, आणि तो चमचा खोटं तर बोलत नाही ना हे बघायला दुसरा.

ओढा दाट झाला. आत सिदबा भट्टीवाला येईल ते भट्टीत कोंबू लागला. भट्टी कोंदली, आंबट राख दारातून बाहेर सांडू लागली आणि ठकूबाईने दोरी ओढली. सकाळी ओढली, दुपारी ओढली, ओढतच राहिली.

घराचा कारभारी अण्णा. मधल्या खोलीत पोथी उघडून बसायचा आणि कुणी काय करायचं ते वाचून सांगायचा. तो वैतागून दाराशी आला.

"ठकूबाई, दोरी सोडा जरा. डोकं उठलंय."

"राख थांबली की सोडते."

"तुमच्याइतकी कटकट अख्ख्या गावात कुणाची नाही."

"भट्टीकडे जाऊन बघा, अण्णा. माझ्याकडे बघून काय होणार?"

पण सिदबा पडला अण्णाचा मेव्हणा. त्याला कोण बोलणार? अण्णाने फर्मान काढलं, "बाईंना दारातून आत घ्या." ठकूबाईला उचलून माडीखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. उद्या मोडीत घालायचं ठरलं. घंटी थांबली. सगळं घर म्हणालं, बरं झालं बाई, आता निवांत. राख मात्र सांडतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाशेठ पाकाची कढई उचलायला वाकला आणि तिथेच मटकन खाली बसला. श्वास पुरेना, कपाळावर घाम. आतलं घर गदगदा हललं. भिंती फुगल्या. सिदबा खोकत धावत आला. "अण्णा, भट्टीत धूर मावत नाही. घर काही टिकत नाही आता."

"मग घंटी का नाही वाजली?" अण्णा ओरडला.

सगळे अण्णाकडे बघत राहिले.

अण्णा स्वतः माडीखाली गेला. मोडीवाले ठकूबाईला उचलायलाच आले होते. त्याने त्यांना परत पाठवलं.

"ठकूबाई, दारात चला. माझं चुकलं."

"येते. पण मी वाजवणार."

"वाजवा."

"तुमचं डोकं उठेल."

"उठू दे."

ठकूबाईने दारात बसून ओढ्यात हात घातला आणि अशी दोरी ओढली की शेजारची चार घरं जागी झाली. या खेपेला अण्णा दाराकडे गेला नाही. तो थेट भट्टीवर गेला आणि मेव्हण्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

तिकडे बाहेरच्या गावात केरबाशेठच्या बायकोने, हौसाबाईने, नवऱ्याला डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं होतं.

"दिवसभरात काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन भाकरी, वाटीभर आमटी."

"आणि गोड?"

"छे. गोड फक्त चाखतो."

"अठरा घाणे," हौसाबाई म्हणाली. "बालुशाही वेगळी."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं आणि चमचा हौसाबाईच्या ताब्यात दिला.

"मग पाक कळायचा कसा?" केरबाशेठने रडवेला चेहरा केला.

"मला तीस वर्षं नुसत्या तारेवरून कळतोय," हौसाबाई म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंत का?"

केरबाशेठ नदीपर्यंत चालू लागला. आधी कण्हत, मग बोलत, मग चक्क शीळ घालत. ओढा पातळ झाला, भट्टीला वारा लागला, भिंती ओसरू लागल्या. घंटी आधी दिवसभर वाजे, मग अधूनमधून, मग क्वचित.

एका सकाळी ती वाजलीच नाही. पोथी तशीच उघडी टाकून अण्णा दाराकडे पळाला.

"ठकूबाई, आहात ना जागेवर?"

ती ओढ्यात हात सोडून बसली होती. मूठ रिकामी.

"आहे की," ती म्हणाली. "राख नाही."

अण्णा तिथेच उंबऱ्यावर बसला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. बाहेर केरबाशेठनेही नेमका तेव्हाच घेतला.

तात्पर्य: वर्दी देणाऱ्याला दारातून हलवलं म्हणून संकट हलत नाही, घंटी वाजली की भट्टी बघावी, आणि हलवायाने चमचा बायकोकडे द्यावा.