ठकूबाईची पात

बांध हातानं घालायचे त्या काळची ही गोष्ट. आमच्या कुसळवाडीत ठकूबाई नावाची बाई होती. खुरपणीला जायची. तिनं धरलेल्या पातीत, म्हणजे वाट्याला आलेल्या ओळीत, गवताची काडी राहायची नाही. पण बांध आला की तिचा हात थांबायचा. तिथला कुर्डू, तण असला तरी, ती उपटायची नाही, उलट त्याचं बी धरून ओंजळीनं पसरायची. त्याच्या पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांवर मधमाश्या बसायच्या, बी टिपायला चिमण्या यायच्या. ठकूबाई उन्हात चालली की चिमण्या तिच्या डोक्यावर सावली धरायच्या, असं म्हणतात.

गावाला मात्र स्वच्छ बांधाचा तोरा. आमची चुलतपणजी गोजाबाई म्हणायची, "ठके, ही पात म्हणायची का न्हाव्यानं अर्धी सोडलेली दाढी?" बाया खिदळायच्या.

"गोजाक्का, शेत तुमचं. बांध तेवढा पाखरांचा राहू द्या."

एका श्रावणात गोजाबाईनं बाया गोळा केल्या आणि सगळे बांध तासून काढले. ठकूबाई पदर पसरून आडवी आली. "फुलेपर्यंत तरी थांबा गं!" कुणी थांबलं नाही. वर सांगितलं, उद्यापासून आमच्या शेजारी पात धरायची नाही. तिनं खुरपं बांधावर उलटं ठेवलं, घरात राखलेलं बी ओटीत घेतलं आणि डोंगराकडे चालू लागली. तिच्यामागं गावच्या मधमाश्या अन् चिमण्या ढगासारख्या गेल्या, असं म्हणतात.

त्या साली तेलाचं पीक कारळं पिवळंधमक फुललं, आत दाणाच नाही. पुढच्या साली तेच. अळ्या तेवढ्या मुठीमुठीनं. तिसऱ्या साली गोजाबाई डोंगर चढली, माफी मागायला. अख्खा माथा कुर्डूनं फुललेला, पण ठकूबाई कुठंच नाही. हाका मारून घसा बसला, तेव्हा गोजाबाई तिथलंच बी ओटीत घेऊन खाली आली.

गोजाबाई आमच्याच घरातली. लपवून काय करू?

आजही खुरपत बांधाशी आलो की आम्ही थांबतो. कुर्डूला हात लावत नाही. खुरपी उलटी ठेवतो आणि म्हणतो, "ठकूबाई, चुकलं आमचं." पहिल्यांदा आमच्या घरच्या बाईनं म्हणायचं, ही रीत. आता मी म्हणते. तुऱ्यांवर माश्या घुमत असतात. लोक म्हणतात, तीच ओ देते. मला नाही पटत. माश्या आपल्या कामाला येतात. जिनं माफ करायचं ती निघून गेली, म्हणून तर दर साली पुन्हा म्हणावं लागतं.