दारातून न हटणारा राखणदार

फार पूर्वी एका माणसाच्या टाचेत पेशींची वस्ती होती. प्रत्येकीच्या दारात एक राखणदार असे. जखमेकडून हाक आली की तो "चला" म्हणे आणि पेशी शेजारणीचा हात सोडून जखम बुजवायला सरपटत निघे. हाक पोचवून राखणदाराने आत निजायला जायचे, अशी रीत होती.

एकीचा राखणदार मात्र दारातच उभा राहिला. जखम भरली तरी त्याचे "चला" थांबेना.

"अहो, आता कोण बोलावतंय?" दमलेल्या पेशीने विचारले.

"मला काय ठाऊक? चला."

"बस गं बाई," शेजारीण म्हणाली. "अशी भटकलीस तर हा माणूस जगेल का?"

पेशीलाही बसायचेच होते. तरी ती उठली.

पुढे रक्तातून वाहत ती फुप्फुसात पोचली, तिथे तिच्या लेकीबाळींची गर्दी झाली आणि माणसाला श्वास पुरेना. तेव्हाही तिला वाटत होते, इथेच कुठेतरी जखम असणार.